हिरव्या ठिपक्याच्या पलीकडे

नातवाच्या आग्रहास्तव खामगावातील एका साखळी पिझ्झा दुकानात जाण्याचा योग आला. ‘जैन पिझ्झा’ मागविला. कांदा नव्हता, परंतु पहिल्याच घासाला लसणाचा वास आला. काउंटरवरील मुलगा म्हणाला, “काका, वरून काहीच घातले नाही, सॉस मात्र तयारच येतो.”

चौकोनातील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. कांदा, लसूण, बटाटा हे शाकाहारीच; त्यांच्याविषयी तो मौन बाळगतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीच विचारावे : सॉसमध्ये, मसाल्याच्या पुडीत लसूण आहे काय? कापण्याची सुरी वेगळी आहे काय? बिलावर ‘जैन’ असे लिहून घ्यावे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

पुढच्या खेपेस त्याच मुलाने आपणहून सांगितले, “काका, आज बिनलसणाचा सॉस नाही.” आम्ही रिकाम्या हाताने परतलो, पण त्या दुकानावर विश्वास बसला तो त्याच दिवशी. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना हेच शिकलो होतो. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल, पण ‘नाही’ ते ‘नाही’ म्हणणाऱ्या दुकानाचीच पत टिकते. आपल्या पेढीवरही हाच नियम नव्हे काय?