कर कापला गेला. परतावा कोणी मागावयाचा?

वाचकहो, 'आम्ही गरीब माणसे, आमचा इन्कम टॅक्सशी काय संबंध?' हे वाक्य वणी तालुक्यातील कोणत्याही वस्तीत आपल्या कानी पडेल. ते अर्धे खरे आहे व अर्धे खोटे आहे. प्राप्तिकर देणे लागावे एवढे उत्पन्न आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबांस नाही, हे खरे. तथापि प्राप्तिकर आपल्याकडून घेतला जात नाही, हे खरे नाही. देणे लागत नसताही तो कापला जातो, तो परत मिळावा अशी तजवीज कायद्यात आहे, आणि ती तजवीज अमलात आणण्यास लागणारा एक कागद भरून देणारा माणूस आपल्यापाशी नाही. या अंकी आम्ही याच माणसाविषयी लिहिणार आहो.

वणीच्या आसमंतातील स्थिती आपण जाणताच. उकणी, निलजई, जुनाड, कोलारपिंपरी ही नावे आता गावांची म्हणून थोडी व कोळशाच्या खाणींची म्हणून अधिक ओळखली जातात. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याने जमिनी गेल्या, जातही आहेत. समजा, अशा एखाद्या कुटुंबाची दोन-अडीच एकर जमीन गेली व १२ लाख रुपये हाती आले. खेड्यातील शेतजमिनीच्या मोबदल्यावर प्राप्तिकर बसत नाही. कुटुंबाने शहाणपणा करून ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली. शेकडा ७ दराने वर्षाचे व्याज ८४,००० रुपये झाले. व्याज ५०,००० च्या वर गेले की बँकेने शेकडा १० प्रमाणे कर कापून सरकारात भरावा, असा १ एप्रिल २०२५ पासूनचा नियम आहे. म्हणजे ८,४०० रुपये गेले. आणि कुटुंबप्रमुखाने बँकेस पॅन क्रमांक दिलेला नसेल तर कपात शेकडा २० ची, म्हणजे १६,८०० रुपयांची. या माणसाचे मजुरीसुद्धा धरून वर्षाचे उत्पन्न दोन-अडीच लाखांच्या वर जात नाही, आणि २०२५-२६ च्या नव्या दरांप्रमाणे ४ लाखांपर्यंत कर मुळी नाहीच. जो कर तो देणे लागत नव्हता, तो त्याने भरला. पासबुकातील त्या ओळीवर 'टीडीएस' ही तीन अक्षरे छापलेली असतात. तो ती बँकेचा काही खर्च असेल असे समजून पासबुक मिटतो.

आपले उत्पन्न करपात्र नाही असे स्वयंघोषणापत्र त्याने वर्षारंभीच बँकेत दिले असते, तर कपात टळली असती. हे घोषणापत्र १९६१ च्या कायद्याखाली पंधरा-जी या नावाने, व साठी उलटलेल्यांसाठी पंधरा-एच या नावाने, प्रसिद्ध होते. १९६१ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आहे व त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यामुळे कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलतात, परंतु तत्त्व तेच राहते. कपात होऊन गेली असल्यास विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. साध्या उत्पन्नाच्या माणसाची मुदत ३१ जुलैची, व ती चुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंतची. तीही गेल्यास विलंब माफ करावा असा अर्ज करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्यास पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. म्हणजे मागील वर्षांचे गेलेले पैसेही सर्वस्वी गेले असे नाही.

या ठिकाणी बाबासाहेबांचे स्मरण केवळ उपचार म्हणून आम्ही करीत नाही. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसूल व प्राप्तिकर यांची तुलना केली होती. शेतकऱ्याला पीक येवो न येवो, त्याची जमीन लहान असो वा मोठी, महसूल त्याच्या मानगुटीस बसलेलाच. उलट, ज्याची मिळकत नाही त्यास प्राप्तिकराचा कायदा वगळतो. हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थशास्त्राचा हा पंडित गरिबाला वगळणे हा करपद्धतीचा गुण मानीत होता. आज शंभर वर्षे होत आली. तो गुण कायद्याच्या पुस्तकात शाबूत आहे, किंबहुना वाढला आहे. परंतु आधी कापावयाचे व मागेल त्यास परत द्यावयाचे, अशी रीत पडली की ज्यास मागता येत नाही त्याच्यापुरता तो गुण संपतो. खाणमालकाचा हिशेबनीस मागतो. खाणीत जमीन गेलेला मागत नाही.

दुसरी बाजू खाणीत कायम नोकरी असलेल्या आपल्या बांधवांची आहे. त्यांस कर खरोखरच लागतो व तो पगारातून जातो. त्यांच्याकडे दलाल येतो. 'कापलेला सगळा कर परत आणून देतो, मला त्यातला हिस्सा द्या,' असे म्हणतो, आणि न दिलेल्या देणग्या, न काढलेले विमे, न घेतलेली कर्जे दाखवून परतावा आणूनही देतो. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी अशा खोट्या वजावटींची तपासणी केली, ती याचसाठी. वाचकहो, हे लक्षात ठेवा की विवरणपत्रावर नाव आपले असते, दलालाचे नसते. चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड आपल्यावर बसू शकतो. कित्येकदा दलाल त्या खात्यात स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक व ईमेल नोंदवितो. मग नोटीस, तीही बहुधा इंग्रजीत, त्याच्याकडे जाते व आपणास वर्ष-दीड वर्ष पत्ताच लागत नाही. ज्यांनी असे केले असेल त्यांस आम्ही दोष देऊन थांबणार नाही; जाणता व प्रामाणिक माणूस जेथे परवडत नाही, तेथे लबाड माणूस जागा घेतोच.

सरकारने याबाबत काहीच केले नाही असेही नव्हे. २००६ साली 'कर विवरणपत्र तयार करणारे' अशी शिक्षित तरुणांची योजना निघाली. तिच्या मूळ रूपात त्यांचा मोबदला कसा ठरविला होता तो पाहा: करदात्याने जो कर भरला त्याच्या पहिल्या वर्षी शेकडा ३, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १. ज्याचा कर शून्य, ज्यास उलट सरकारकडूनच ८,४०० रुपये यावयाचे, त्याचे काम केल्याबद्दल या हिशेबाने सरकारकडून काय मिळणार? शून्याचे तीन टक्के. योजना कराची वसुली वाढविण्यासाठी होती, आणि तेवढ्या कामापुरती ती वाईटही नसेल. गरिबाचा परतावा हा तिचा विषय नव्हता.

परदेशात हा विषय कसा हाताळला जातो ते पाहू. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने अल्प उत्पन्नाच्या करदात्यांस कर खात्यापुढे वकील देणाऱ्या केंद्रांना, ज्यांस तेथे क्लिनिक म्हणतात, सरकारी अनुदान सुरू झाले. विद्यापीठांच्या विधी शाखा व धर्मादाय संस्था ही केंद्रे चालवितात. मूळ कायद्यात एका केंद्रास वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत अनुदान होते. अट एवढीच की संस्थेने तितकीच रक्कम वा तितक्या मोलाची सेवा स्वतः उभी करावी. २०२३ साली ती मर्यादा २ लाखांवर गेली. सरकारने ठरविलेल्या दारिद्र्य-उत्पन्नाच्या अडीचपटीपर्यंतच्या माणसास तेथे मदत मिळते व नाममात्र शुल्काहून अधिक घेता येत नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांस त्यांचे करविषयक हक्क समजावून सांगणे, हेही अनुदानाचे एक काम आहे. म्हणजे तेथील सरकार स्वतःच्याच कर खात्याशी भांडण्यासाठी गरिबास पैसा देते. अमेरिकेतील सर्वच गोष्टी अनुकरणीय नाहीत. ही एक आहे.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा हवा काय? आमच्या मते नको. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्यातील 'न्यायालय' या शब्दाच्या व्याख्येत न्यायिक स्वरूपाचे अधिकार चालविणारे प्रत्येक प्राधिकरण येते, आणि 'विधी सेवा' या शब्दात कायद्याच्या कोणत्याही बाबीवरील सल्ला येतो. प्राप्तिकर ही कायद्याचीच बाब आहे. कलम ४ म्हणते की राष्ट्रीय प्राधिकरणाने स्वयंसेवी संस्थांस विशिष्ट योजनांसाठी अनुदान द्यावे आणि विधी महाविद्यालयांतून विधी सेवा केंद्रे उभारण्यास उत्तेजन द्यावे. केंद्र सरकार यासाठी प्राधिकरणास पैसा देते. दार आहे, चौकट आहे, बिजागरीही आहे. 'करविषयक साहाय्य' असे शीर्षक लिहून त्याखाली रक्कम मांडणे तेवढे उरले आहे.

आणि या दारातून आत जाण्याचा हक्क कोणास? कलम १२ पाहा. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, सर्व स्त्रिया, औद्योगिक कामगार. यांस उत्पन्नाची अट नाही. नुकतीच दीक्षा घेतलेली कुटुंबे आम्हांस विचारतात की बौद्ध झाल्याने हा हक्क गेला काय. अनुसूचित जातीतून आलेल्यांचा गेला नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झाला. त्यापूर्वीची चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी जी झीज आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसली ती आता आपणास सोसावयाची नाही. जातीच्या दाखल्यावर जुने नाव लिहिलेले पाहून मन खिन्न होते, हे आम्ही समजतो. तो कागद हक्काचा आहे, श्रद्धेचा नाही. तो जपून ठेवावा. जे इतर समाजांतून धम्मात आले त्यांस स्त्री म्हणून, कामगार म्हणून, किंवा अल्प उत्पन्नाच्या आधारे हा मार्ग मोकळा आहेच.

आमची मागणी अशी. यवतमाळ जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाने वणी, मारेगाव व झरी जामणी या खाणपट्ट्यातील व भोवतालच्या तालुक्यांसाठी एक करसाहाय्य केंद्र अनुदानावर सुरू करावे. यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांस व वणीतील वाणिज्य शिकणाऱ्या मुलांस त्यात घ्यावे. केंद्रावर बसणाऱ्याचा मोबदला भरलेल्या करावर न ठरविता सोडविलेल्या कामावर ठरवावा. आपल्या विहार समित्यांनी असे ठराव करून ते तालुका विधी सेवा समितीकडे लेखी द्यावेत व पोच घ्यावी. तोंडी विनंतीची नोंद होत नाही.

अनुदान येईल तेव्हा येईल. या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनास आपण सायंकाळी जमालच. आषाढी पौर्णिमेच्या आगेमागेच ३१ जुलै येते. एका रविवारी वाचनानंतर पासबुक, पॅन कार्ड व आधार कार्ड घेऊन बसावे. वाणिज्य शाखेत शिकणारी एखादी मुलगी प्रत्येक वस्तीत आता आहे. तिने संगणकावर प्रत्येकाच्या पॅनवर किती कर कापला गेला ते काढून वहीत लिहावे. नोंदणीत दूरध्वनी क्रमांक स्वतःचाच घालावा. परवलीचा शब्द कोणास सांगू नये. ज्याचे प्रकरण गुंतागुंतीचे असेल, ज्यास नोटीस आली असेल, त्याने १५१०० या क्रमांकावर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाशी बोलावे अथवा वणीच्या न्यायालयाच्या आवारात तालुका समितीकडे अर्ज द्यावा. किती कुटुंबांचे किती रुपये निघाले, ती वहीतील बेरीज, नावे वगळून, आम्हांस कळवावी. मागणीपत्रासोबत ती जोडावयाची आहे.