सातबारा नसलेल्याचा जामीन

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले, पण सातवीतला एक मुलगा मागे राहिला. रावेरकडे केळीच्या बागेत मजुरी करणारे त्याचे वडील मारामारीच्या गुन्ह्यात कारागृहात होते. जामीन मंजूर झाला होता. अडले होते ते जामीनदारापाशी. त्याचा सातबारा हवा, नाहीतर ऐपतीचा दाखला. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावे जमीन नाही, त्यांच्या नात्यागोत्यात सातबारा कोठून यावा? वडील सुटले तेव्हा शाळेचे दुसरे सत्र सुरू झाले होते.

31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या दिवशी आपण तेथे जातो. पण ते न्यायालयातील एका खटल्यासाठी, वकील म्हणून आले होते, हे चटकन विसरतो. पुढे 15 सप्टेंबर 1949 रोजी अटकेतील माणसाच्या हक्कांचे कलम संविधान सभेत त्यांनीच मांडले. आजचा अनुच्छेद 22 तो हाच.

कायदा अगदीच निष्ठुर आहे असे नव्हे. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली गेली. 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी ते अमान्य केले. सुरतेला पोट भरायला गेलेल्या खानदेशी मजुराला हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देऊ न शकलेल्यास निर्धन मानून स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, ही तरतूद 2005 च्या दुरुस्तीने आली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. अजामीनपात्र गुन्ह्यातील गरिबाला मात्र तिचा आधार नाही.

दोष सिद्ध झालेल्याची माहिती न्यायालयास देणारा परिवीक्षा अधिकारी 1958 च्या कायद्याने आहे. दोष सिद्ध होण्यापूर्वी आरोपीचे घर, काम, मुलेबाळे पाहून न्यायालयास सांगणारा असा कोणी का नसावा? न्यूयॉर्कमध्ये 1961 पासून हा प्रयोग झाला. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला असा कायदा करता येईल. आरोपी पळून जाईल, ही शंका गैर नाही. पण पाय कशाने बांधले जातात, जमिनीने की लेकराने?

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील झाले, त्यांनी ही मागणी हाती घ्यावी. त्या मुलाच्या वडिलांचा पत्ता, काम आणि सुट्टीत त्यांनी मुलाला नेल्याच्या नोंदी शाळेच्या दप्तरात होत्या. विचारायला कोणी आले नाही.