ताप आलाय? आधी गाव सांगा!

गणपती आटोपले, की आमच्या घाटकोपरच्या दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग लागते. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो या तिघांपलीकडे आम्हा उपनगरातल्या डॉक्टरांची नजर सहसा जात नाही. काही वर्षांपूर्वी माझीही गेली नव्हती. कोकणातून परतलेल्या एका रिक्षाचालकाचा ताप मी चार दिवस ‘व्हायरल’ समजत राहिलो. मलेरिया, डेंग्यूच्या तपासण्यांत काही निघाले नाही. पाचव्या दिवशी शर्ट काढायला लावला, तर काखेत विडीचा चटका बसावा तशी काळी खपली! घरामागचे रान साफ केल्याचे त्याने तेव्हा सांगितले. त्याआधी मी विचारलेच नव्हते.

तो होता स्क्रब टायफस. डॉक्सीसायक्लिन या स्वस्त औषधाने दोन दिवसांत ताप उतरला. आणखी उशीर झाला असता, तर फुप्फुसे, मूत्रपिंडे धोक्यात आली असती.

गवतातल्या अगदी बारीक चिगर किड्याच्या चाव्याने हा आजार होतो. गोचीड त्याच भावकीतली. तिच्यापासून टिक टायफस होतो. त्यात तळहात-तळपायांवरही पुरळ उठते. औषध तेच.

गोचिडीपासूनच होणारा माकडताप मात्र वेगळा. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम आढळला. २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले. हा विषाणू असल्याने डॉक्सीसायक्लिनचा उपयोग नाही. वेळीच इस्पितळात दाखल होऊन सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, हाच उपचार. काजूच्या हंगामात बागेत राबून आलेल्यांनी ताप अंगावर काढू नये. ॲस्पिरिन, ब्रुफेन तर मनाने मुळीच घेऊ नये.

माझे स्पष्ट मत असे, की प्रत्येक केसपेपरवर नाव-वयाखाली ‘गेल्या तीन आठवड्यांत कुठे गेला होता?’ हा रकाना हवाच. हजारो रुपयांच्या तपासण्या लिहिण्यापूर्वी हा फुकटचा प्रश्न विचारावा आणि रुग्णाला कपडे काढून नीट तपासावे. काख, जांघ, कंबर पाहायला पाच मिनिटे पुरतात.

रुग्णांनीही ‘गावची हवा चांगली, तिथे काय होणार?’ असे म्हणून गप्प राहू नये. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परतल्यावर आंघोळ करावी. गोचीड चिकटलीच, तर रॉकेल, काडीचे प्रयोग न करता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटावी. बोटांनी चिरडू नये.

गावाहून काजू, कोकम जरूर आणा. पण ताप आला, तर डॉक्टरांना आधी गाव सांगा. त्यांनी विचारले नाही तरी!