उंचावलेला हात आणि काळी पेटी

तौलनिक साहित्याच्या अध्यापकाने मतदानपद्धतीविषयी लिहावे, हा काहींना अधिकारातिक्रम वाटेल. परंतु अभ्यागत प्राध्यापक म्हणून अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या एका लहान गावी राहत असताना तेथील वार्षिक गावसभा पाहण्याचा योग आला, आणि वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलेल्या दोन कलाकृती एकमेकींना छेद देणाऱ्या आहेत, हे त्या सभागृहातल्या बाकावर बसून मला प्रथम जाणवले.

न्यू इंग्लंडमधील ‘टाउन’ म्हणजे नगर नव्हे. पुष्कळदा ते आपल्या मध्यम आकाराच्या खेड्याहूनही लहान असते. व्हर्माँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी त्याची सभा भरते. तिला जमलेले मतदार हेच गावाचे विधिमंडळ. वर्षभर कारभार पाहणारे तीन किंवा पाच जणांचे सिलेक्टबोर्ड असते. पण रस्त्यांवर किती खर्च करावा, नवे यंत्र घ्यावे की जुनेच दुरुस्त करावे, याचा निर्णय सभा देते. विषयपत्रिकेला तेथे ‘वॉर्निंग’, म्हणजे चक्क इशारा, असे नाव आहे. सभेपूर्वी छापील अहवाल मिळतो. त्यात हिशेबाबरोबर जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद असते, आणि अनेक गावांत कर थकविणाऱ्यांची नावेही असतात. कुंपणांचे तंटे पाहणारे ‘फेन्स व्ह्यूअर’ अद्याप नेमले जातात. पक्षाचे नाव मात्र दिवसभरात मी एकदाही ऐकले नाही.

हे ऐकले म्हणजे या राज्याच्या मतदानाचा इतिहास थोडा उलगडतो. १८५६ ते १९६० या काळातील प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत व्हर्माँटने रिपब्लिकन उमेदवारास कौल दिला; १९३६ साली रूझवेल्टना नाकारणारी राज्ये दोनच, मेन आणि व्हर्माँट. १९९२ पासून मात्र तेथे अखंड डेमोक्रॅटिक पक्षाची सरशी आहे. तरीही २०२० आणि २०२४ साली अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना बहुमत देणाऱ्या याच मतदारांनी राज्यपालपदी फिल स्कॉट या रिपब्लिकन गृहस्थांना मोठ्या बहुमताने निवडले. बाहेरच्याला ही विसंगती वाटते. मला वाटते, उमेदवाराला आधी माणूस म्हणून जोखण्याची सवय या सभांतून लागलेली असावी. (शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील डिक्सव्हिल नॉच येथे निवडणुकीच्या मध्यरात्री मूठभर लोक मत देतात, आणि जगभरची वृत्तपत्रे त्याची बातमी करतात. २०२४ साली तेथे तीन विरुद्ध तीन मते पडली. ते कौतुकापुरते ठीक आहे.)

आता त्या दोन कलाकृती. १९४३ साली नॉर्मन रॉकवेलने ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ हे चित्र काढले: गावसभेत कष्टकऱ्याच्या वेषातील एक माणूस उभा राहून बोलत आहे आणि कोट-टाय घातलेले शेजारी माना वर करून ऐकत आहेत. रॉकवेल तेव्हा व्हर्माँटमधील आर्लिंग्टन गावी राहत होता. त्याच बेनिंग्टन काउंटीतील नॉर्थ बेनिंग्टन येथे राहणाऱ्या शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही गाव जमतो. गावाचे इतर सार्वजनिक उपक्रम चालविणारा गृहस्थच कार्यक्रम चालवितो. काळ्या पेटीतून चिठ्ठ्या निघतात. आणि जिच्या हाती काळा ठिपका असलेली चिठ्ठी येते तिला शेजारीच दगडांनी ठार करतात. चित्रातील ऐकणारे चेहरे आणि कथेतील दगड उचलणारे हात एकाच सभेतले असू शकतात, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो. ग्रामसभेचा आदर्श रंगविताना आपल्याला रॉकवेल आठवतो, जॅक्सन आठवत नाही.

योगायोगाने त्याच १९४८ सालच्या नोव्हेंबरात संविधानाचा मसुदा सभेपुढे ठेवताना डॉ. आंबेडकरांनी खेडे हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक मानल्याचे समर्थन केले. त्यांच्यासमोर जातीने बांधलेले भारतीय खेडे होते, व्हर्माँट नव्हे. तथापि प्रश्न तोच आहे: ज्याच्या शेतावर आपण राबतो त्याच्या देखत हात वर करणे कितपत स्वतंत्र असते?

या प्रश्नावर तेथे ‘ऑस्ट्रेलियन बॅलट’, म्हणजे छापील गुप्त मतपत्रिका, हे उत्तर आहे. अनेक गावांनी ते स्वीकारले. करोनाच्या साथीत २०२१ साली सभा भरविणे अवघड झाले तेव्हा त्याला आणखी चालना मिळाली. त्याने कामावरून सुटी न मिळणारा, आजारी, भिडस्त असे सारे मतदार होतात. ही गोष्ट लहान नाही: फ्रँक ब्रायन यांनी सुमारे दीड हजार सभांच्या अभ्यासावर २००४ साली लिहिलेल्या ग्रंथात सरासरी उपस्थिती मतदारांच्या एक पंचमांशाच्या आसपासच आढळते. परंतु मतपत्रिकेवरील आकडा दुरुस्त करता येत नाही. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उरते. पाच हजार डॉलर कमी करून मान्य करा, असे म्हणावयास जागा राहत नाही. माझा कौल म्हणूनच सभेकडे आहे, पण कायद्यातील एका कलमासह: सात मतदारांनी मागणी केल्यास त्या विषयावर सभेतच चिठ्ठीने मत घ्यावे लागते.

मी पाहिलेल्या सभेत वाचनालयाच्या अनुदानावर हा प्रसंग आला. आवाजी मत अस्पष्ट ठरले. एक वृद्ध बाई उठल्या आणि त्यांनी चिठ्ठीची मागणी केली. आणखी सहा हात हवे होते. दोन आले, मग तीन. नंतर बराच वेळ कोणी हलेना. अखेरचा हात ज्याने वर केला तो गृहस्थ नुकताच अनुदानाच्या बाजूने तावातावाने बोलला होता. मग ओळ लागली. पेटी लाकडी होती, काळी नव्हती. मी मुद्दाम पाहिले. मोजणी लांबली आणि घरोघरून आणलेले सूप थंड होऊ लागले.