शाळेची कार्यशाळा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यात वरवे बुद्रुक हे गाव लागते. अशा गावांत नांगराचा फाळ, ट्रॉलीचा सांधा, दाराची बिजागरी यांची दुरुस्ती नेहमीच निघते. हे काम शाळेत शिकता आले तर किती बरे! पण पुष्कळ लोक म्हणतात, "मुलांच्या हाती यंत्रे देऊ नका. बोट तुटले तर?"

ही काळजी खरी आहे; परंतु कार्यशाळेला कुलूप लावणे हा तिच्यावरचा उपाय नाही. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले-मुली हाताने काम करीत शिकतात, वेल्डिंगही करतात. आश्रमाने ही पद्धत अनेक शाळांपर्यंत नेली.

मग धोका टाळायचा कसा? माझ्या मते, भिंतीवर 'सावधान' लिहिणे पुरेसे नाही. जे सुरक्षित, तेच सोपे झाले पाहिजे. चष्मा कपाटात असेल, तर घाईत तो कोणी घेणार नाही. तो ग्राइंडरजवळच्या खुंटीवर टांगा. ब्रश जवळ असेल, तर लोखंडाचा धारदार कीस कोणी हाताने झटकणार नाही. वाइसची उंची आपल्या कोपराइतकी असावी. बुटक्या मुलासाठी पायाखाली भक्कम लाकडी फळ्यांचा ओटा करा. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक औजाराची आकृती काढा. म्हणजे कोणते औजार जागेवर नाही, ते लगेच कळेल.

काही नियम मात्र पाळलेच पाहिजेत. ड्रिल मशीनजवळ ओढणी व सैल बाह्या आवरून घ्या. तेथे हातमोजेही घालू नका, कारण फिरते यंत्र ते ओढून घेते. पत्रा हाताने न धरता पकडीत आवळा. मूठ नसलेली कानस वापरू नका. तिचे टोक तळहातात घुसते. वेल्डिंगचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहू नका. शेजारच्यांसाठी आडपडदा लावा. तापलेले लोखंड थंड लोखंडासारखेच दिसते. म्हणून त्याच्याजवळ खडूने 'गरम' असे लिहा. आणि ज्याला यंत्र बंद करता येते, त्यानेच ते सुरू करावे.

कुलूपबंद खोलीत अपघात होत नाही, हे खरे. पण तेथे कारागीरही घडत नाही. शाळेत न शिकलेला मुलगा उद्या एखाद्या दुकानात चष्म्याशिवायच ग्राइंडर हाती घेतो. तेव्हा, मित्रांनो, गुरुजींकडे कार्यशाळेची किल्ली जरूर मागा. मात्र आत गेल्यावर पहिली खुंटी चष्म्यासाठी ठोका.