टिचकीचे मोल कोण ठरविणार?

संकेतस्थळ उभारावे, त्यावर जाहिरातींना जागा द्यावी आणि वाचकाच्या प्रत्येक टिचकीगणिक पैसे मिळवावेत, हा मार्ग अनेक सुशिक्षित तरुणांना आकर्षित करीत आला आहे. टिचकीमागे किती रक्कम मोजणार याची जाहिरातदारांत बोली लावण्याची पद्धत अमेरिकेतील ‘गोटू’ या शोधसेवेने १९९८ मध्ये रूढ केली. २००३ मध्ये गूगलच्या ‘अ‍ॅडसेन्स’ने लहान संकेतस्थळांनाही जाहिरातींचे उत्पन्न मिळवून दिले. भांडवलाविना लेखकाला बाजारपेठ लाभली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो सौदाशक्तीचा. बोली घेणारा, टिचक्या मोजणारा, त्यांतील काही अवैध ठरवून वगळणारा आणि अखेरीस वाटा देणारा एकच. काटा, लिलाव आणि हिशेबाची वही एकाच आडत्याच्या हाती असावी, तशीच ही व्यवस्था. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने टिचकीऐवजी जाहिरात दाखविल्याबद्दल मोबदला देण्याचे जाहीर केले. असा बदल मान्य करणे किंवा बाहेर पडणे, एवढेच संकेतस्थळचालकाच्या हाती उरते. एप्रिल २०२५ मध्ये तर अमेरिकेतील संघीय न्यायालयाने या कंपनीने जाहिरात-तंत्रज्ञानाच्या दोन बाजारपेठांत बेकायदा मक्तेदारी मिळविल्याचा निर्णय दिला.

महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने शेतमालाचा लिलाव व वजनमाप बाजार समितीच्या देखरेखीखाली आणले. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ. परंतु मोजणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हे तिच्यामागील तत्त्व निर्विवाद आहे. टिचकीच्या बाजारालाही ते लागू व्हावयास हवे. तोवर हे उत्पन्न जोडधंद्याचे समजावे. त्याच्या भरवशावर संसार मांडू नये.