पथ्य बाईलाच का?

वस्तीतल्या बैठकीत गरोदर बायका हमखास विचारतात, "ताई, मासे खाऊ की नको? हल्ली त्यात विष असतं म्हणे." परवा एका सासूबाईंनी सुनेचे मासे बंदच करून टाकले. घरातले बाकीचे मात्र खात होते. पथ्याची वेळ आली की आधी बाईचे ताट आठवते, ते असे.

ही रीत आपल्याकडचीच नाही. पाळीव सॅमन माशांच्या उत्पादनात नॉर्वे जगात पहिला. तिथल्या आरोग्य खात्याने २०१३ साली तरुण आणि गरोदर स्त्रियांना सल्ला दिला : सॅमनसारखे तेलकट मासे आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त खाऊ नका. कारण, त्यातली डायॉक्झिन आणि पीसीबी ही विषारी रसायने. पाळलेल्या माशात ती आली मुख्यतः खाद्यातून. समुद्रातल्या लहान माशांचे तेल आणि पूड त्याला खायला घालत. कारखान्यांची समुद्रात गेलेली घाण अशी एका माशाच्या चरबीतून दुसऱ्याच्या चरबीत उतरली. 'सायन्स' नियतकालिकात २००४ साली आलेल्या संशोधनानेही खाद्यावरच बोट ठेवले होते.

डायॉक्झिन माणसाच्या चरबीतही साठते. त्यातले निम्मे बाहेर पडायला ७ ते ११ वर्षे लागतात. मग नऊ महिन्यांच्या पथ्याने काय साधणार? आईच्या अंगातला साठा नाळेतून आणि दुधातून बाळाकडे जातो. म्हणून अंगावर पाजणे सोडायचे नाही. विष मुळातच रोखायचे. युरोपीय संघाने २००२ पासून माशांच्या खाद्यातील डायॉक्झिनवर मर्यादा घातली. नॉर्वेत खाद्यातले माशाचे तेल कमी करून वनस्पती तेल वाढवले, तसे पाळीव सॅमनमधले प्रमाण उतरले. म्हणजे मनात आणले तर करता येते!

आपल्याकडे तळ्यातल्या कोळंबीचा प्रश्न आहे. तिला रोग होऊ नये म्हणून प्रतिजैविके बरेचदा खाद्यात मिसळून दिली जातात. भारतातून येणाऱ्या अशा पाळीव मालाची तपासणी युरोपीय संघाने २०१६ साली १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. परदेशी ताटासाठी एवढी दक्षता! आपल्या बाजारातल्या टोपलीतली कोळंबी कोण तपासते, किती वेळा, आणि त्याचा निकाल कोणाला कळतो?

त्या सासूबाईंना मी सांगितले, सुनेला मासे द्या. मांदेली, बांगडा हे तिच्या अंगाला लागणारे आणि परवडणारे अन्न आहे. भीतीपोटी तेही काढून घेतले, तर नुकसान तिचे आणि बाळाचेच.

पण मैत्रिणींनो, तेवढ्यावर थांबू नका. खाद्याच्या पोत्यावर आत काय आहे ते लिहिलेले हवे. स्थानिक बाजारातल्या मासळीची नियमित तपासणी हवी आणि तिचे निकाल बाजारातच, मराठीत लावलेले हवेत. हे आपण महिला मंडळातून, ग्रामसभेतून, वॉर्डातून मागू या. विष ज्यांच्या कारखान्यातून येते, पथ्यही त्यांनीच पाळावे.